तिरका धरलेला फोटो

संध्याकाळी सातनंतर आमच्या घरातलं न्हाणीघर बाबांच्या मालकीचं असायचं. कुणाला हातपाय धुवायचे असतील, कपडे भिजत घालायचे असतील, तर त्याने ते आधी उरकावं, नाहीतर अंगणातल्या नळावर जावं, असा नियम होता आणि तो आल्यागेल्यालाही लागू होता. माझा मामा एकदा अमरावतीहून दिवसभराचा प्रवास करून धुळीने माखून आला, तर बाबांनी त्याच्या हातात बादली आणि टॉवेल देऊन त्याला अंगणात पाठवलं. मामा पुढे कित्येक वर्षं त्यावरून त्यांची टर उडवत असे. न्हाणीघराच्या झरोक्याला काळी घोंगडी ठोकलेली होती. कपडे धुवायच्या दगडावर फळी टाकून त्यावर फोटो मोठे करायचा एन्लार्जर ठेवलेला, खाली ओळीने औषधांचे ट्रे, वर लाल बल्ब. दाराच्या फटीतून औषधांचा उग्र, आंबूस वास स्वयंपाकघरापर्यंत यायचा. "लोकांच्या घरात लोणच्याचा वास येतो, आमच्याकडे फोटोंचा," असं आई म्हणायची, पण तक्रारीच्या सुरात नाही.

मला सगळ्यात आवडायचा तो त्यानंतरचा आवाज. धुतलेले फोटो बाबा काचेच्या तावदानावर उलटे चिकटवायचे, म्हणजे वाळल्यावर त्यांना आरशासारखी चकाकी येते. तावदान भिंतीला टेकवून ठेवलेलं असायचं आणि सकाळी आम्ही चहा पीत असताना कागद वाळून सुटायला लागायचे. आधी कोपरा उचलला जायचा, मग टक् असा आवाज करून आख्खा फोटो खाली पडायचा. आम्ही बोलता बोलता थांबायचो. कुठला पडला ते पाहायला मी पळायचे आणि बाबा मागून ओरडायचे, "कडेने धर, बोटं लावू नकोस!" आता माझ्या फोनमध्ये हजारो फोटो आहेत आणि त्यातला एकही आवाज करत नाही.

बाबा कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. भोपाळला, सोनागिरीच्या अंगाला कारखान्याची वसाहत होती, तिथे आमचं क्वार्टर. सकाळच्या भोंग्यावर आई कुकर लावायची आणि दुसऱ्या भोंग्याला बाबांची सायकल फाटकाबाहेर पडायची. बाबा पुण्याचे, आई अमरावतीची, आणि मी जन्माने, जिभेने भोपाळची. रविवारच्या पोह्यांवरून आमच्यात दर आठवड्याला तेच भांडण व्हायचं. बाबांना वर ओलं खोबरं हवं, आईला झणझणीत तर्री हवी आणि मला कोपऱ्यावरच्या ठेल्यावरचे, बडीशेप घातलेले, शेव भुरभुरलेले, सोबत जलेबी असलेले पोहे हवेत. "पोह्यात बडीशेप!" बाबा कपाळाला हात लावायचे. मी "परेशान झाले" म्हटलं की "त्रासले म्हण" असं दुरुस्त करायचे. सगळ्याच गोष्टी दुरुस्त करायचा त्यांना नाद होता, हे मला तेव्हा नुसतं गमतीचं वाटायचं.

मी तिसरीत असताना आईच्या डाव्या डोळ्याच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका उमटला. तो पसरत गालावर आला, ओठाच्या कोपऱ्यात दुसरा आला, मग बोटांच्या पेरांवर. कोड हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. आई बावचीचं तेल लावून दुपारच्या उन्हात अंगणात बसायची, त्याने कातडीला फोड यायचे, फोड गेले की खालचा पांढरा रंग आणखी स्वच्छ दिसायचा. त्या वर्षी वसाहतीतल्या एका घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. गर्दी होती म्हणून घरच्या बाईंनी करंडा आईच्या हातात दिला आणि म्हणाल्या, तुम्ही लावत जा. आई पहिल्याच बाईसमोर वाकली, तर ती बाई हसत हसत मागे सरली आणि म्हणाली, "राहू द्या, मीच लावून घेते." मग तिच्या शेजारचीही तेच म्हणाली. आईने करंडा तसाच खाली ठेवला, घरी आली आणि त्यानंतर कुठल्याही हळदीकुंकवाला गेली नाही. बोलावणी यायची, आई "डोकं दुखतंय" म्हणायची. मला त्या बायकांचा इतका राग होता की त्यांच्या मुलींशी मी लंगडीसुद्धा खेळत नसे.

तरी आई फोटोला मात्र बसायची. हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. महिन्यातल्या एखाद्या रविवारी जेवणं झाली की बाबा मागच्या व्हरांड्यात, पेरूच्या झाडाकडच्या बाजूला, लाकडी स्टूल ठेवायचे. आई साडी बदलून यायची, केसांना पाणी लावून नीट चापून बसवायची आणि स्टुलावर बसून त्यांच्याकडे बघायची. बाबा पांढरी चादर ताणून उजेड इकडून तिकडे परतवायचे, मला ती चादर धरायला लावायचे. त्या वेळात ती दोघं फार हळू बोलायची. "जरा हनुवटी खाली." "अशी?" "हं. आता माझ्याकडे बघ." एरवी घरात एकमेकांशी भाजी, बिलं आणि माझा अभ्यास यांपलीकडे फारसं न बोलणारी ही माणसं अशा वेळी मला अनोळखी वाटायची आणि चादर धरून माझे हात दुखले तरी मी हलत नसे. आठवडाभराने बाबा तो फोटो आईच्या हातात द्यायचे आणि त्यात आईचा चेहरा सबंध, नितळ असायचा. डाग नसायचा. आई फोटो कितीतरी वेळ बघायची आणि मला म्हणायची, "बघ नीलू, तुझ्या बाबांच्या उजेडात दिसत नाही." बाबा म्हणायचे, "उजेड असा घेतला की दिसत नाही." आई मान डोलवायची आणि फोटो अल्बमात लावायची.

मी अकरावीत गेल्यावर बाबांनी मला न्हाणीघरात घेतलं. लाल उजेडात कोऱ्या कागदावर चेहरा हळूहळू वर येताना पाहिला तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला, पण त्या चेहऱ्यावर डोळ्यापासून गालापर्यंत डागही वर आला, जसा होता तसा. मी बाबांकडे पाहिलं. ते ट्रे हलवत राहिले. दुसऱ्या दिवशी आई बाजारात गेलेली असताना त्यांनी टेबलावर फोटो घेतला, भिंग घेतलं आणि मोजकेच केस असलेला एक बारीक ब्रश काढला. बशीच्या मागच्या बाजूला काळ्या आणि तपकिरी रंगाच्या वड्या घासून, डिंकाचा थेंब घालून त्यांनी रंग केला. ब्रशाचं टोक ओठांनी ओलं करून ते डागात ठिपके भरू लागले. ठिपक्याशेजारी ठिपका, श्वास रोखून, इंजिनाचं ड्रॉइंग करावं तशा शिस्तीने. तासाभरात डाग नाहीसा झाला आणि कुठून कुठवर होता हेही सांगता येईना. फोटोवर धुळीचे पांढरे कण येतात, ते असेच भरतात, त्याला टचिंग म्हणतात. क्लबात बाबांचं टचिंग नावाजलेलं होतं. "सगळेच करतात," ते मला म्हणाले, "आईला बोलू नकोस. तिला बरं वाटतं." मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला बाबांचा त्या दिवशी फार अभिमान वाटला होता.

वसाहतीच्या लायब्ररीमागच्या हॉलमध्ये कॅमेरा क्लब भरायचा. बाबा त्याचे सेक्रेटरी आणि अकाउंट्समधले सक्सेनाजी अध्यक्ष. वर्षातून एकदा बाहेरून मोठा फोटोग्राफर बोलवायची पद्धत होती. आधी तो स्वतःचं काम दाखवून बोलायचा आणि मग सभासदांचे फोटो एकेक करून स्टँडवर लावले जायचे, तो त्यांवर मत द्यायचा. फोटोच्या मागे फक्त नंबर असायचा, नाव नाही. फोटो स्टँडवर असताना तो ज्याचा असेल त्याने अवाक्षर काढायचं नाही, खुलासा करायचा नाही, असा कडक नियम होता. हा नियम बाबांनीच केला होता, कारण आदल्या वर्षी लोकांनी पाहुण्याशी हुज्जत घातली होती. त्या वर्षी मुंबईचे केसकर येणार होते. त्यांचे फोटो मोठमोठ्या मासिकांत यायचे आणि बाबा ते कापून ठेवायचे. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. भाषणानंतर केसकर आमच्याकडे जेवतील आणि जेवून रात्रीच्या गाडीने जातील, असं ठरलं.

बाबा तलावावरच्या होड्यांचा फोटो देणार होते. आई म्हणाली, "त्या दिवाळीतला माझा द्या ना."

बाबा म्हणाले, "तो? तो घरातला आहे."

"तुम्हीच म्हणालात, आजवरचा सगळ्यात चांगला उजेड त्यात आहे."

"हो, पण क्लबासाठी जरा वेगळा लागतो."

"होड्या सगळेच देतात," आई म्हणाली, आणि मग जरा थांबून खालच्या आवाजात म्हणाली, "मी पण येईन त्या दिवशी. हॉलमध्ये लावतील ना तो? सगळ्यांना दिसेल असा?"

बाबांनी चष्मा पुसला. मी तिथेच बसून पालक निवडत होते. आईला काय हवं होतं ते मला लख्ख कळलं, बाबांनाही कळलं असणार. ज्या बायकांनी तिच्या हातचं कुंकू लावून घेतलं नव्हतं त्या सगळ्या चहा-समोशाला त्या हॉलमध्ये येणार होत्या आणि त्यांना तो नितळ चेहरा समोर बघावा लागणार होता. बाबांना नाही म्हणता आलं नाही. खरबरीत, बिनचकाकीच्या कागदावर टचिंग बिलकूल कळत नाही, पण तसा कागद संपला होता, मुंबईहून यायचा होता. त्यांनी चकाकीच्या कागदावरच मोठा फोटो काढला आणि मी कधी पाहिलं नव्हतं इतका वेळ त्यावर ब्रश चालवला. काम झाल्यावर खिडकीशी नेऊन त्यांनी तो सरळ धरून पाहिला, दुरून पाहिला, मलाही विचारलं, "कळतंय?" मी म्हटलं, "नाही." ते खरंच होतं. तिरका धरून पाहायचं त्यांना कसं सुचलं नाही, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. आपण केलेल्या कामाकडे माणूस बहुतेक समोरूनच बघतो.

त्या रविवारी आईने मोरपंखी साडी नेसली. पदर डाव्या गालापर्यंत ओढून घ्यायची तिची सवय होती, तसा तो घेतला. आम्ही चौथ्या रांगेत कडेला बसलो. केसकर उंच, सावळे, साधा खादीचा शर्ट घातलेले होते. हॉलमध्ये सगळ्या भाषांचे लोक म्हणून ते हिंदीत बोलत होते, ते मुंबईचं हिंदी ऐकून आमच्या वसाहतीतली पोरं गालातल्या गालात हसत होती. पण त्यांनी स्लाइड दाखवायला सुरुवात केली आणि हसणं थांबलं. दुष्काळी गावातल्या म्हाताऱ्या, खाणीतले मजूर, देवीच्या व्रणांनी भरलेला एका माणसाचा चेहरा, सबंध पडदाभर. ते म्हणाले की मी काही लपवत नाही आणि काही सजवत नाही. मला त्या चेहऱ्यांकडे बघवत नव्हतं आणि नजरही काढता येत नव्हती. आई एकटक बघत होती.

मग फोटो लागायला सुरुवात झाली. सूर्यास्त, मशिदीचे मिनार, पाण्यातलं प्रतिबिंब. केसकरांच्या हातात काटकोनात कापलेले दोन पुठ्ठे होते, ते फोटोवर धरून ते दाखवायचे, इथून कापा, एवढं नको. लोक माना डोलवत होते. आईचा फोटो लागला तेव्हा मागून "वाह" असा आवाज आला. मी आईकडे पाहिलं. ती मान वर करून, ताठ बसली होती.

"बहोत बढ़िया," केसकर म्हणाले. "ये जो रोशनी है, ये किसी को सिखाई नहीं जा सकती." ते फोटोच्या आणखी जवळ गेले. पुठ्ठे बाजूला ठेवले, फोटो स्टँडवरून काढून हातात घेतला आणि दिव्याखाली नेऊन आडवा, तिरका धरला. मग हसले. "अच्छा! ये देखिए. यहाँ चमक मर गई है. आँख से लेकर गाल तक. यहाँ किसी ने रंग भरा है."

हॉलमध्ये काही लोक हसले, उस्तादाने चोर पकडल्यावर हसावं तसे. आमच्या ओळखीचं मात्र कुणी हसलं नाही.

"हाथ बड़ा सधा हुआ है, मानना पड़ेगा. लेकिन यहाँ जो था, वो कहाँ गया? कोई दाग़ था? कोई चोट थी? जो भी था, इस चेहरे का था. जिसने भी ये तस्वीर ली है, उसे रोशनी पर पूरा भरोसा है, इस औरत पर नहीं."

पहिल्या रांगेत बाबा बसले होते. मला त्यांची फक्त मान दिसत होती, ती लाल झाली होती. सक्सेनाजी खुर्चीतून अर्धे उठले, "केसकर साहब, अगला देख लें," म्हणाले. पण केसकरांना शिकवायचं होतं, ते रंगात आले होते. "नहीं नहीं, ये सीखने की चीज़ है. हाथ में लेकर देखिए, तिरछा करके," असं म्हणत त्यांनी फोटो पहिल्या रांगेतल्या टोकाच्या माणसाला दिला.

आणि फोटो फिरायला लागला. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या. प्रत्येक जण तो दिव्याकडे करायचा, तिरका करायचा, बघायचा आणि पुढे द्यायचा. बाबांच्या हातात आला तेव्हा त्यांनी तो तिरका न करता तसाच पुढे दिला. बोलायचं नाही हा नियम त्यांचाच होता आणि त्या नियमात ते असे अडकले होते की मला ओरडावंसं वाटत होतं. दुसऱ्या रांगेत आईच्या हातचं कुंकू नाकारणाऱ्या त्या दोन्ही बायका होत्या. एकीने फोटो तिरका केला, दुसरीच्या कानाला लागली, मग दोघींनी मागे वळून आमच्याकडे पाहिलं. मी आईचा हात धरला. "आई, चल, घरी जाऊ," मी म्हटलं. "थांब," ती म्हणाली. फोटो आमच्या रांगेत आला. शेजारच्या गृहस्थांनी तो आईला टाळून सरळ माझ्याकडे द्यायला हात लांब केला, भला माणूस होता तो. पण आईने मध्येच तो घेतला. तिने तो दिव्याकडे धरला आणि हळूहळू तिरका केला. नितळ गालावर कोरडा, निस्तेज पट्टा उमटला. डोळ्याच्या कडेपासून गालापर्यंत, आणि ओठाच्या कोपऱ्यात एक ठिपका. ती तो पुन्हा सरळ करायची, पुन्हा तिरका करायची. शेवटी तिने फोटो मागे दिला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

केसकरांना काहीच कळलं नव्हतं. कळणार कसं, फोटोतली बाई आणि चौथ्या रांगेतली बाई त्यांच्या लेखी वेगवेगळ्या होत्या. जेवायला घरी आले तेव्हा दार आईनेच उघडलं, पदर खांद्यावर होता, गाल उघडा. केसकर उंबऱ्यावरच थबकले. त्यांनी बाबांकडे पाहिलं, पुन्हा आईकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "वहिनी..." एवढंच म्हणाले.

"या ना," आई म्हणाली. "हात धुवायला अंगणात जावं लागेल, न्हाणीघरात ट्रे मांडलेत."

पाटवडीचा रस्सा होता, मसालेभात होता, जिलब्या आणल्या होत्या. आई परकं कुणी जेवायला आलं की हाताने काही वाढत नसे, चिमटा नाहीतर डाव वापरायची. त्या दिवशी तिने पोळ्या हाताने वाढल्या, पांढऱ्या पेरांच्या बोटांनी केसकरांच्या पानात लिंबाची फोड ठेवली. केसकरांनी ती पिळली आणि खाली मान घालून जेवत राहिले. बाबांच्या ताटातला भात हलत नव्हता. मला वाटलं, आता कुणीतरी भांडं तरी पाडावं, काहीतरी आवाज व्हावा.

"तुम्ही असता तर माझा फोटो काढला असता का हो?" आईने विचारलं. "आहे तसा?"

केसकरांनी घास खाली ठेवला. "काढला असता," ते म्हणाले. "आणि आज पडद्यावर दाखवलाही असता. पण दाखवण्याआधी तुम्हाला विचारलं असतं का, ते मला छातीठोकपणे सांगता येत नाही."

"त्या देवीच्या व्रणवाल्याला विचारलं होतं?"

"नाही," केसकर म्हणाले. मग त्यांनी जाताना वाकून आईला नमस्कार केला. ती त्यांच्याहून लहान होती. मला तो माणूस तेव्हा आवडला नाही आणि त्याचा पुरता रागही करता आला नाही, आजही तेच आहे.

सकाळी पहिला भोंगा झाला. आई बाबांचा डबा भरत होती. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुला बरं वाटायचं म्हणून करत होतो."

आईने डब्याचं झाकण लावलं. "मला काय वाटायचं ते कधी विचारलंत? उजेडाची गोष्ट मला खरी वाटत होती असं समजता का तुम्ही? मी काय लहान आहे? आरशात रोज बघते मी."

"मग?"

"मला वाटायचं, तुम्हाला ते दिसतच नाही." तिने डबा बाजूला सारला. "सगळ्या जगाला दिसतं, एका माणसाला दिसत नाही. तुम्ही बघता तेव्हा मी पहिल्यासारखी दिसते, म्हणून तुम्हाला बरोबर तसा उजेड सापडतो. एवढंच धरून मी त्या स्टुलावर येऊन बसायचे. आणि तुम्ही तर माझा डाग भिंगातून बघत होता."

दुसरा भोंगा झाला. बाबा तसेच उभे होते. नोकरीत त्यांना कधी उशीर झालेला मला आठवत नाही, त्या दिवशी झाला.

दुपारी मी कॉलेजातून आले तर आई खोलीभर अल्बम पसरून बसली होती. भिंतीवरच्या फ्रेमाही उघडलेल्या. तिच्यापुढे पाण्याची वाटी होती आणि देवाच्या वाती वळायचा कापूस. ओल्या कापसाचा बोळा ती फोटोतल्या गालावरून अलगद फिरवायची, बोळा तपकिरी व्हायचा आणि खालून डाग वर यायचा. "निघतं गं," ती मला म्हणाली, "डिंकच आहे नुसता." मी तिच्याशेजारी बसले. तिने कापूस माझ्याही हातात दिला. माझ्या तिसरीतल्या वाढदिवसाच्या फोटोत डाग तांदळाएवढा निघाला, पाचवीतल्या सहलीच्या फोटोत चिंचोक्याएवढा. मागच्या वर्षीपर्यंत तो कसा वाढत गेला ते जमिनीवर ओळीने मांडलं गेलं. पाण्याने कागदाची चकाकी गेली ती गेलीच, ते फोटो पुन्हा कधी चमकले नाहीत. संध्याकाळी बाबा आले, सायकल लावून आत आले आणि दारातच थांबले. आई उठली. कालचा मोठा फोटो तिने पुसला नव्हता. तो तिने त्यांच्या हातात दिला.

"हा मी नाही पुसला," ती म्हणाली. "हा माझा नाहीच. हा तुमचा आहे, तुम्ही ठेवा."

न्हाणीघर त्यानंतर आमचं झालं. बाबांनी क्लबचं काम सोडलं, झरोक्याची घोंगडी काढली, आणि आम्ही वाटेल तेव्हा आंघोळ करू लागलो. ते सुख माझ्या कधी अंगी लागलं नाही. आईबाबांचा संसार मोडला वगैरे नाही. ती दोघं भाजी, बिलं, माझं लग्न यांबद्दल बोलत राहिली, निवृत्तीनंतर आनंद नगरला छोटंसं घर बांधून राहिली. आई पुन्हा हळदीकुंकवाला जाऊ लागली, करंडा घेऊन पुढे होऊ लागली, कुणी मागे सरलं तर "का हो?" असं तोंडावर विचारू लागली. पण बाबांच्या कॅमेऱ्यासमोर ती पुन्हा बसली नाही. माझ्या लग्नात बाबांनी एकदाच कॅमेरा उचलून तिच्याकडे पाहिलं, तर ती शांतपणे बाजूला सरली. त्यांनी कॅमेरा खाली घेतला. त्या दोघांच्या मधली ती वीतभर जागा मला माझ्या लग्नाच्या आठवणींत सगळ्यात ठळक दिसते.

शेवटच्या वर्षांत कोड आईच्या सबंध अंगभर पसरलं. तपकिरी अशी जागा फक्त कपाळावर, कुंकवाच्या आसपास उरली. "आता तुमचा ब्रश उलटा चालवावा लागेल," असं ती बाबांना म्हणाली होती आणि दोघं हसली होती. मी शेजारच्या खोलीतून ते ऐकलं. एवढ्या वर्षांत त्या विषयावर ती दोघं मिळून हसल्याचं मी दुसऱ्यांदा ऐकलं नाही.

ती गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो हवा होता. माझ्या मुलाने, ओंकारने, आईने पुसलेल्या फोटोंपैकी एक फोनमध्ये घेतला आणि बोट फिरवून क्षणात गाल नितळ करून आजोबांना दाखवला. "आजोबा, देखो, एकदम क्लीन." त्याचा काय दोष, त्याचा फोन तर न सांगताच सगळ्यांचे चेहरे पुसतो. बाबा पंच्याऐंशीच्या पुढे होते. त्यांनी हात फोनवर आडवा ठेवला आणि म्हणाले, "ते परत आण. होतं तसं आण." तोच फोटो लावला, डाग असलेला, चकाकी गेलेला. बाबा रोज सकाळी त्याच्यापुढे उभे राहून चष्मा लावून बघायचे. काय बघतात ते मी कधी विचारलं नाही.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. जायच्या आधी, शुद्धीत असताना, त्यांनी मला कपाटातून तो मोठा फोटो काढायला लावला होता. मला वाटलं, आता पुसायला सांगतील, म्हणून मी विचारलंसुद्धा, "कापूस आणू का बाबा?" ते नाही म्हणाले. "तो माझा आहे," म्हणाले, "तिने मला दिलाय. माझ्याबरोबर जाऊ दे."

त्यांना न्यायच्या आधी मी तो फोटो घेऊन खिडकीशी गेले. समोरून पाहिला, मग तिरका धरला. डोळ्यापासून गालापर्यंत बाबांचे ठिपके दिसले, एकाशेजारी एक, कुठे रेषा सुटली नव्हती. बाहेर लोक खोळंबले होते, ओंकार मला हाक मारत होता. मी आत गेले आणि तो फोटो बाबांच्या छातीवर, चेहरा त्यांच्याकडे करून ठेवला.